ऐंशी वर्षांच्या तुळया आणि एक तडकलेलं टेबल

मार्चचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेअकरा. पुण्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये 'टक्क' असा खणखणीत आवाज झाला. काकूंना वाटलं, कोठीतला नारळ तडकला. उन्हाळ्यात तडकतात, म्हणून त्या उठल्याही नाहीत. सकाळी चहाचा कप ठेवताना त्यांच्या बोटाला काहीतरी लागलं. चार महिन्यांपूर्वी मुलाने स्वतःच्या हातांनी केलेल्या जेवणाच्या टेबलाला टोकापासून चौदा इंच लांब तडा गेला होता.

मी या गोष्टीत आलो तो त्यानंतर. लाकूडकाम हा माझा शनिवार-रविवारचा छंद, आणि काकूंचा मुलगा माझा मित्र. तेव्हा हे तटस्थ निरीक्षकाचं लिखाण नाही. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील मात्र गाळले आहेत.

पार्श्वभूमी

मित्राचं वडिलोपार्जित घर कोकणात, समुद्रापासून फार लांब नाही. घराची मागची बाजू पावसात खचत चालली होती, म्हणून ती एका मे महिन्यात उतरवली. कौलं शेजाऱ्यांनी नेली, वाशांचं सरपण झालं. तीन सागवानी तुळया आणि एक फणसाचा खांब मात्र काकूंनी कुणाला देऊ दिला नाही. तुळया नऊ-नऊ फुटांच्या, साधारण सात बाय सहा इंच जाडीच्या. घरातल्या हिशेबाप्रमाणे वय ऐंशीच्या आसपास.

याच सुमारास मित्राला फार्महाऊस टेबलाचं वेड लागलं. जाड फळ्या, चौकोनी पाय, फळ्यांच्या दोन्ही टोकांना आडव्या बसवलेल्या रुंद पट्ट्या, एकूण रांगडं रूप. अमेरिकेतल्या शेतघरांत रुळलेला हा प्रकार. तिथले हौशी लोक बाजारात मिळणाऱ्या पाइनच्या 'दोन बाय सहा'च्या फळ्या घेतात (त्या प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच इंचच असतात) आणि तिरपे स्क्रू मारून दोन-तीन दिवसांत टेबल उभं करतात. मित्राने असाच एक आराखडा उतरवून घेतला, मापं आपल्या लाकडाला जुळवली आणि सात फूट बाय तीन फुटांचं टेबल ठरवलं.

हिशेब चांगला बसत होता. एका तुळईतून दोन-दोन इंचांच्या तीन फळ्या, म्हणजे एकूण नऊ. रंधा मारून, कडा सरळ करून प्रत्येकी सव्वापाच इंच उरेल, असं धरलं तर सात फळ्यांत तीन फूट रुंदी भरते. दोन फळ्या खराब निघाल्या तरी चालतं. निघाल्याच. तुळईच्या मधोमध झाडाचा गाभा होता, त्या दोन फळ्या आधीच उभ्या तडकलेल्या होत्या. टोकपट्ट्या तुळयांच्या उरलेल्या लाकडातून निघाल्या. फणसाच्या खांबाचा जमिनीकडचा दीड फूट वाळवीने खाल्ला होता, बाकीच्यातून चार पाय आणि चौकट आरामात झाली.

तुळया पावसाळाभर गावी गोठ्यात पडून राहिल्या आणि गणपतीनंतर टेम्पोने पुण्यात आल्या. आल्या त्याच आठवड्यात सॉ मिलमध्ये चिरल्या. गिरणीवाल्याने आधी लोहचुंबक फिरवून घेतलं, ते बरं झालं. तीन ठिकाणी तुटके खिळे आतच राहिले होते. एक तर लोहाराने घडवलेला चौकोनी खिळा होता, तो काकूंनी देव्हाऱ्याच्या फडताळात ठेवला आहे. दिवाळीपर्यंत टेबल तयार झालं. सगळं मिळून चौदा-पंधरा हजार खर्च, त्यात टेम्पोचाच वाटा मोठा.

अडचण

टेबलाचा वरचा भाग असा जोडला होता: सात फळ्या कडेला कड लावून फेविकॉलने चिकटवलेल्या. दोन्ही टोकांना पाच इंच रुंदीची टोकपट्टी, तीही चिकटवून, शिवाय प्रत्येक फळीत तीन तिरपे स्क्रू. खालच्या चौकटीला फळ्या लोखंडी कोनांनी आवळलेल्या. पॉलिश फक्त वरून. खाली कोण बघतंय?

मी गेलो तेव्हा तीन ठिकाणी फट होती. मोठा तडा एका फळीच्या अंगातूनच गेला होता, दोन छोटे सांध्यांवर होते. तिन्ही फटींची रुंदी मोजून बेरीज केली, पाच मिलिमीटर भरली. टेबल मध्यभागी किंचित खोलगटही झालं होतं. सरळ पट्टी आडवी ठेवली की मधे पोस्टकार्ड सरकायचं.

मित्राचा पहिला संशय फेविकॉलवर होता, दुसरा स्क्रूवर, तिसरा स्वतःवर. चिकटवणारा पदार्थ निर्दोष होता. मोठा तडा सांध्याच्या शेजारून, कोऱ्या लाकडातून गेला होता, म्हणजे तिथे सांधा लाकडापेक्षा मजबूत ठरला होता. दोष वेगळ्याच ठिकाणी होता.

लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. तंतूंच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागवान यात सज्जन समजलं जातं, तरीही ओलावा एक टक्क्याने बदलला की चिरण्याच्या पद्धतीप्रमाणे रुंदीत साधारण ०.१ ते ०.१९ टक्के फरक पडतो. तीन फूट रुंदीत ओलावा पाच टक्क्यांनी उतरला, तर साडेचार ते साडेआठ मिलिमीटर. आमची बेरीज पाच आली होती, त्यात आश्चर्य काहीच नव्हतं. सात फळ्या रुंदीत आक्रसू पाहत होत्या. टोकपट्टी मात्र नेमकी आडवी, तिची लांबी तसूभरही कमी होणार नव्हती. दोघींना एकमेकींशी जन्माची बांधून टाकलेली. मार्चच्या कोरड्या हवेत कुणीतरी तुटणारच होतं.

पण ऐंशी वर्षं वाळलेलं लाकूड आक्रसेल कसं? मित्र या एकाच वाक्याला चिकटून बसला होता. "अरे, माझ्या आजोबांच्या आधीचं लाकूड आहे, आता त्याचं काय वाळायचं राहिलंय?" म्हणणं अर्धं खरं आहे. झाडाचा मूळ रस कधीच गेला, तो परत येत नाही. हवेतली वाफ घेणं आणि सोडणं मात्र लाकडाचं वय झालं म्हणून थांबत नाही. या तुळया कोकणच्या हवेत ऐंशी वर्षं राहिल्या होत्या, चार महिने पावसाळी गोठ्यात होत्या, आणि तिथून थेट पुण्याचा उन्हाळा बघायला आल्या होत्या.

वाद मिटवायला मी ओलावा मोजायचं यंत्र आणलं. दोन सुया असतात, लाकडात टोचायच्या, आकडा येतो. टेबल: ८ टक्के. नाकारलेल्या फळीचा एक तुकडा दिवाळीत शेगडीसाठी म्हणून गावी परत गेला होता आणि गोठ्यातच पडून होता. एप्रिलमध्ये कुणी येत होतं त्यांच्याबरोबर तो मागवला. आल्या दिवशी टोचला: १३. एकाच तुळईचे दोन तुकडे. ऑक्टोबरात फळ्या चिकटवल्या तेव्हा आकडा याहून कमी नसावा, पण तेव्हा मोजला कुणीच नव्हता.

ज्या सल्ल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तुळया टेम्पोत चढवताना गावचे सुतारकाका तिथे होते. मित्राने हौसेने त्यांना मोबाइलवरचा आराखडा दाखवला. काकांनी तो बघितला आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, ही आडवी पट्टी घट्ट मारू नका. आमची दारं पावसात फुगतात, शिमग्याला सैल होतात. टेबलाचंही तसंच व्हायचं."

मित्राने मान डोलावली आणि विसरला. त्याचं स्पष्टीकरण प्रामाणिक आहे: आराखड्यात मापं होती, चित्रं होती, स्क्रूची लांबीसुद्धा दिली होती. काकांच्या बोलण्यात माप नव्हतं. 'घट्ट मारू नका' म्हणजे किती सैल? कुठे सैल? त्याने विचारलं नाही, आणि काकांनीही आपणहून पुढे सांगितलं नाही.

त्याच घराच्या ओटीवरचं जुनं दार अजून उभं आहे. चौकटीच्या खाचेत आतली फळी नुसती सरकवलेली, ना खिळा ना सरस. हाताने हलवली तर हलते. लहानपणापासून मित्र ते दार उघडत-लावत आला आहे.

पर्याय

तडा बघून प्रत्येकाने उपाय सुचवला. सोसायटीत पॉलिशचं काम करणारे मिस्त्री म्हणाले, लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरून टाकू, दिसणारही नाही. दिसलं नसतं हे खरं. पण पावसाळ्यात फळ्या फुगल्या की त्या भरलेल्या फटीची पाचर झाली असती आणि तडा पुढे सरकला असता. एपॉक्सी भरायची सूचनाही याच जातीची, फक्त महाग.

मी स्वतः आधी डमरूच्या मताचा होतो. तड्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी खुंटी बसवायची, म्हणजे फट वाढत नाही आणि दिसायलाही छान. आता मागे वळून बघताना हे माझं भरकटणं होतं. टोकपट्ट्या तशाच घट्ट ठेवून डमरू बसवले असते, तर फळ्या आणखी तीन ठिकाणी फाटल्या असत्या. मला डमरू करायला आवडतात, म्हणून ते सुचले.

मित्राच्या बायकोने वर काच टाकायला सांगितलं. स्वस्त, एका दिवसाचं काम. काकूंनी त्याला साफ नकार दिला: "काचच बघायची होती तर लाकूड कशाला आणलंत?"

मग दोनच मार्ग राहिले. एक, टोकपट्ट्या कायमच्या काढून टाकायच्या आणि फळ्यांची टोकं उघडी ठेवायची. लाकडाच्या दृष्टीने हा सगळ्यात निर्धोक उपाय. त्यात टेबल साडेसहा फुटांच्याही आत येत होतं आणि फार्महाऊसचं रूपही जात होतं. दुसरा, टोकपट्टी ठेवायची पण सरकती: फळ्यांच्या टोकांना जीभ (खाचेत शिरणारा पातळ भाग) काढायची, पट्टीत खाच, आणि फक्त मध्यभागी पक्कं बांधायचं. कष्ट तिप्पट, लांबी तीन इंचांनी कमी.

खरं सांगायचं तर मी पहिल्याच्या बाजूने होतो. मित्र दुसऱ्याच्या. निर्णय काकूंच्या एका प्रश्नावर झाला: "पट्टी सरकती ठेवली तर ती कधी निखळून पडेल का?" नाही पडणार, म्हटलं. "मग ठेवा."

काय केलं

काम मे महिन्यात केलं आणि ते विचार करून. लाकूड वर्षातलं सगळ्यात कोरडं असताना सांधे केले, की पुढे ते फक्त फुगणार, एवढं तरी नक्की. उलट ऑगस्टमध्ये केलं असतं, तर सगळी गणितं आक्रसण्याच्या बाजूने करावी लागली असती. दोन्ही चालतं, फक्त आपण वर्षाच्या कुठल्या टोकाला उभे आहोत हे माहीत पाहिजे.

आधी टेबल खाली न्यायचं होतं. वरच्या भागाचं वजन पन्नास किलोच्या घरात, आणि सात फुटांचा फळा लिफ्टमध्ये जात नाही. चार जणांनी तीन जिने उतरवला. चौकट स्क्रूने जोडलेली होती म्हणून निदान वेगळी तरी करता आली.

टोकपट्ट्यांचे स्क्रू काढले, पट्ट्या करवतीने सांध्यावरच कापून सोडवल्या. पहिली पट्टी सुटली तेव्हा मोठा तडा आमच्या डोळ्यांदेखत निम्म्याने मिटला. मित्र खाली बसून बघतच राहिला. मला वाटतं, त्याला कारण पटलं ते त्या क्षणी. माझ्या टक्केवारीने ते झालं नव्हतं.

तिन्ही तड्यांच्या रेषेवर फळा उभा चिरला, कडा रंध्याने सरळ केल्या आणि पुन्हा चिकटवला. या वेळीही कडांना स्क्रू नाहीत. कड नीट जुळली असेल तर कडेला कड चिकटवलेल्या सांध्याला स्क्रूची गरजच नसते. रुंदीतला जवळजवळ एक इंच या खटाटोपात गेला आणि टेबल पस्तीस इंचांवर आलं.

मग दोन्ही टोकांना दीड इंच लांबीची, अर्धा इंच जाडीची जीभ काढली. त्यातून तीन लाकडी खुंट्या, मधली पक्की आणि तिथेच तेवढा फेविकॉल. बाजूच्या दोन खुंट्यांची भोकं जिभेत आडवी लांबवली, दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर. खुंटी पट्टीत घट्ट, जीभ मात्र खुंटीभोवती सरकायला मोकळी. पट्टीची लांबी ठरवताना वाद झाला. मित्राला कडा एका रेषेत हव्या होत्या. मी म्हटलं, मे महिन्यात एका रेषेत केल्या तर जुलैत फळ्या पट्टीच्या बाहेर येतील आणि येता-जाता मांडीला लागतील. शेवटी पट्टी दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर जास्त ठेवली. तो अजूनही म्हणतो की उन्हाळ्यात ते 'चुकल्यासारखं' दिसतं.

चौकटीचे लोखंडी कोन फेकून दिले. त्यांच्या जागी चौकटीच्या आतल्या बाजूला खाच मारून त्यात अडकणारे लाकडी ठोकळे बसवले. ठोकळा फळीला स्क्रूने पक्का, खाचेत मात्र सरकता. दाराच्या खिट्टीसारखं दिसतं, म्हणून आम्ही त्यांना खिट्ट्याच म्हणू लागलो.

पॉलिश या वेळी वरून आणि खालून सारखंच केलं. एकाच बाजूला थर असला की उघडी बाजू हवेचा दमटपणा लवकर घेते-सोडते आणि फळा वाकतो. आधी बेल तेलाचे (म्हणजे जवसाच्या तेलाचे) दोन हात, ते पूर्ण सुकल्यावर वर पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश). मित्राला चपडा लाखेचं पॉलिश हवं होतं, रंग सुंदर येतो म्हणून. जेवणाच्या टेबलावर गरम पातेलं टेकलं की त्यावर पांढरा डाग उठतो, म्हणून सोडून दिलं. एक सूचना इथेच: बेल तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. आम्ही ती उघड्यावर, एकेक सुटी वाळत टाकली.

दुरुस्तीला चार शनिवार-रविवार गेले आणि सहा हजारांच्या आसपास खर्च आला.

निकाल

टेबलाच्या खालच्या अंगाला, टोकपट्टीजवळ, मित्राने पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे. जुलैच्या शेवटी फळ्या साडेचार मिलिमीटरने रुंदावल्या आणि कडा जवळजवळ एका रेषेत आल्या. पुढच्या एप्रिलमध्ये पट्टी पुन्हा दोन्हीकडून डोकावू लागली. तडा परत आला नाही, खोलगटपणाही नाही. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे झाले.

सगळंच जमलं असं नाही. पहिल्याच पावसाळ्यात एका पायाखाली पिठासारखा भुसा पडू लागला. फणसाच्या खांबाची बाहेरची पांढरी पट्टी त्या पायात राहून गेली होती, तिला किडा लागला. आतल्या पिवळ्या लाकडाला काही झालं नाही. ती पट्टी तासून काढावी लागली, आणि तो पाय आता इतरांपेक्षा जरा बारीक आहे.

बसायच्या जागेची चूक तर शेवटपर्यंत तशीच राहिली. माणशी दोन फूट धरले तर एका बाजूला तिघांना सहा फूट लागतात. टेबल पावणेसात फूट आहे, पण दोन पायांमधलं अंतर साडेपाच फुटांच्या आतबाहेर. त्यामुळे मधला आरामात बसतो आणि कडेच्या दोघांच्या गुडघ्याला पाय लागतो. आम्ही दोघांनीही टेबलाची लांबी दहा वेळा मोजली, हे एकदाही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वाट बघणं. फळ्या चिरून, मधे पट्ट्या घालून, पुण्यातल्या घरातच एखादा उन्हाळा रचून ठेवल्या असत्या तर लाकूड तिथल्या हवेला रुळलं असतं. दिवाळीची मुदत कुणी घातली होती? कुणीच नाही, मित्राने स्वतःच. अर्थात रुळलेलं लाकूडसुद्धा दर पावसाळ्यात फुगणारच, तेव्हा घट्ट टोकपट्टी तरीही चूकच ठरली असती. तडा कदाचित लहान गेला असता, कदाचित एक वर्ष उशिरा.

ओलावा मोजायचं यंत्र काही हजारांत येतं, आणि आधी आणलं असतं तर काम ऑक्टोबरातच थांबलं असतं. माझ्याकडे ते तेव्हाही होतं. मित्राने विचारलं नाही. त्याला टेबल पूर्ण झाल्यावरच दाखवायचं होतं, आणि हे मी समजू शकतो.

टोकपट्टीबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. ती दिसते छान, पण आपल्या हवेत तिच्या वाट्याला जेवढी काळजी येते तेवढी ती परत देत नाही. दुसऱ्या कुणी विचारलं तर मी फळ्यांची टोकं उघडीच ठेवायला सांगेन. मित्र याच्याशी सहमत नाही.

यंदा मे महिन्यात तो गावी गेला तेव्हा टेबलाच्या खालच्या बाजूचे फोटो सुतारकाकांना दाखवले. काकांनी खिट्ट्या बघितल्या, लांबवलेली भोकं बघितली. मग फोटो मोठा करून पेन्सिलची रेघ बघितली आणि विचारलं, "हे मोजत कशाला बसता दरवर्षी?"